सुताराला बोलावण्याआधी सामानाचं वर्ष मांडा

आमच्या भागात आलमारीचं काम निघतं ते दोन वेळा. तुरीचे पैसे हाती आले की, नाहीतर घरात लग्न ठरलं की. दोन्ही वेळी माणूस मोबाईल काढून फोटो दाखवतो. कुठल्यातरी शहरातल्या फ्लॅटची भिंतभर आलमारी, सरकती दारं, मधोमध आरसा, आत हँगरला लटकलेले दहा शर्ट. मी फोटो पाहतो आणि विचारतो, "भाऊ, कुलर कुठं ठेवता?" तो गप्प. "गहू किती भरता?" "पाच क्विंटल." "महालक्ष्म्या बसतात का घरी?" "बसतात ना जी." त्या फोटोतल्या आलमारीत यातलं काहीच मावत नाही. शर्ट तर दोरीवरच असतात.

मी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात सुतारकाम करतो. आजा वखर, डवरे, बैलबंड्या करायचा. बापाच्या हाती चौकटी आणि दारं आली. माझ्या वाट्याला आलमाऱ्या, दिवाण आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या. लोकांच्या घरात आतपर्यंत जाणारा माणूस मी, त्यामुळे कोणाच्या पलंगाखाली काय कोंबलंय हे मला ठाऊक असतं. घर बांधताना किंवा घरात लाकडाचं काम काढताना काय करावं, ते इथं लिहितो. सुतार कोणताही लावा, पण हे आधी करा.

घरातलं कॅलेंडर खाली काढा आणि घरच्या बायकांना घेऊन बसा. पुरुषांनी ही यादी एकट्यानं करू नये, त्यांना रजया किती आहेत हेच माहीत नसतं. एकेका महिन्यासमोर लिहा, त्या महिन्यात घरात काय येतं आणि काय बाहेर जातं. पाच-सात एकरवाल्या घराचं साधारण असं निघतं. जूनमध्ये बियाणं आणि खताच्या बॅगा. पाऊस लागला की कुलर आत. जुलै-ऑगस्टला फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, ताडपत्र्या. पोळ्याला बैलांच्या झुली आणि घुंगरमाळा, मागोमाग महालक्ष्म्यांचं सामान. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन आणि कापूस, त्याच वेळी रजया बाहेर. जानेवारीत तूर, मग चणा, मार्च-एप्रिलला गहू. मार्चमध्ये कुलर बाहेर, रजया आत. एप्रिल-मे म्हणजे वाळवणं, लोणचं, आणि लग्नसराईचे पाहुणे, त्यांच्या गाद्या.

ही यादी समोर ठेवली की एक गोष्ट दिसते. यातलं बरंचसं एकाच वेळी घरात नसतं. हिवाळ्यात कुलर आत असतो तेव्हा रजया बाहेर असतात, उन्हाळ्यात रजया आत जातात तेव्हा कुलर खिडकीत गेलेला असतो, पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत तेवढे दोन्ही आत असतात. तूर-चणा विकून खोली मोकळी होते तेव्हा गहू दारात उभा असतो. म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळी जागा लागत नाही, दोन-दोन वस्तूंची जोडी लावून एकेक जागा पुरते. हे जमलं तर निम्मं लाकूड वाचतं. माझं नुकसान आहे त्यात, पण ज्या घरी आलमाऱ्या बसवूनही सामान छपरीतच पडलेलं दिसतं तिथं माझंच नाव खराब होतं.

जोडी लावायची म्हणजे माप घेणं आलं. टेप घ्या आणि कुलरपासून सुरू करा, कारण घरातली सगळ्यात अवजड, वर्षातले आठ-नऊ महिने निकामी आणि टाकताही न येणारी वस्तू तीच. रुंदी, खोली, उंची तिन्ही लिहा. स्टँड वेगळं मोजा. त्या मापाच्या चारही बाजूंनी दोन-दोन इंच वाढवा आणि तेवढा कप्पा जिन्याखाली, न्हाणीच्या बाजूच्या कोपऱ्यात किंवा आलमारीच्या तळाशी ठेवायला सांगा. कप्प्याला दार करायचं असेल तर दाराची रुंदी कुलरपेक्षा जास्त आहे ना, हे चौकट ठोकण्याआधी पाहा. हसू नका. आतून मोठा आणि तोंडानं लहान असे कप्पे मी बऱ्याच घरी पाहिलेत.

कुलर आत जाण्याआधीची रीतही सांगून टाकतो, कारण तो ओलाच ढकलला तर कप्प्यातलं लाकूड कुजतं. टाकी पूर्ण उपसा. तळाला बसलेला क्षार पत्र्याच्या तुकड्यानं खरडून काढा. जुन्या ताट्या, म्हणजे बाजूंचे पॅड, फेकून द्या, त्या ठेवल्या की उंदीर घर करतात. नव्या मार्चमध्ये मिळतातच. पंप सोडवून पुसा, कोरडा करा, पिशवीत घालून कुलरच्या आतच बांधून ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी शोधाशोध नाही. उघडं अंग एक दिवस कडक उन्हात, गंजाच्या ठिपक्यांवर रंगाचा हात. मग दोन विटांवर ठेवा, जमिनीवर टेकवू नका. आतल्या मोकळ्या जागेत माठाचं स्टँड, पोरांच्या टोप्या, वाळवणाचं प्लास्टिक असं उन्हाळ्याचंच सामान भरा. कुलर बाहेर आला की तेही सोबतच बाहेर येतं. आणि तो कप्पा रिकामा झाला की रजयांचं गाठोडं तिथं.

आता आलमारीची खोली. इथं सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. हँगरला कपडे लटकवायचे तर आतून दोन फूट खोली लागते, त्याशिवाय खांदे दाराला घासतात. म्हणून फोटोतल्या सगळ्या आलमाऱ्या दोन फूट खोल. पण आपल्याकडे साड्या घडीच्या, धोतरं घडीची, पोरांचे कपडे घडीचे. घडीच्या कपड्याला पंधरा-सोळा इंच खोली भरपूर झाली. दोन फुटी फळीवर साड्या ठेवल्या की पुढं एक रांग, मागं एक रांग, आणि मागची रांग दिवाळीच्या साफसफाईतच दिसते. माझं म्हणणं असं की सहा फुटांची भिंत असेल तर दोन फूट रुंदीचा एकच कप्पा खोल ठेवा, त्यात शर्ट-पँटचा दांडा वर आणि खाली ट्रंक. उरलेल्या चार फुटांत सोळा इंची फळ्या. पुढचा भाग पायरीसारखा आत-बाहेर दिसेल, दिसू द्या. तेवढी आठ इंच जमीन खोलीला परत मिळते आणि घरकुलासारख्या लहान खोलीत आठ इंच म्हणजे खाट वळवायची जागा.

फळ्यांमधलं अंतर साड्यांसाठी बारा इंच ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर चळत उंच होते आणि खालची साडी ओढली की वरच्या सगळ्या कोसळतात. गोधड्यांना सोळा-अठरा इंच लागतात. अठरा एमएमच्या प्लायची फळी अडीच फुटांहून लांब असली आणि मधे टेका नसला तर दोन वर्षांत पोट काढते. तिच्यावर पितळेची भांडी चढवणार असाल तर दर दोन फुटांवर उभी पाटी घालायला सांगा.

उंची मात्र पुस्तकातल्या मापानं धरू नका. घरात सगळ्यात जास्त ज्या बाईचा हात लागणार आहे तिला भिंतीला उभं करा, हात वर करायला सांगा आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करा. दुसरी खूण खांद्याशी, तिसरी गुडघ्याशी. गुडघा ते खांदा यात रोजचं सामान. खांद्यापासून बोटांपर्यंत आठवड्याला लागणारं. बोटांच्या वर वर्षाला लागणारं. एका घरी मी सुनेच्या अशा खुणा करत होतो, तेव्हा दाराशी बसलेली आजी म्हणाली, "माह्यं सामान खाली ठेव बापा, आता मले उभं राहून काही काढनं होत नाही." तिच्यासाठी गुडघ्याच्या खुणेखाली, जमिनीपासून नऊ इंचांवर एक बिनदाराची फळी काढली. अडकित्ता, पानाचा डबा, औषधाच्या गोळ्या, चष्मा, जपमाळ. ती फळी त्या घरातली सगळ्यात उपयोगी फळी ठरली. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या बसत्या उंचीची एक जागा यादीत आधी लिहा.

आलमारीच्या तळाचं सांगतो, हे नीट वाचा. तळ आणि जमीन यात अंतर ठेवायचं तर आठ-नऊ इंच ठेवा, झाडू आणि नजर दोन्ही पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे. नाहीतर चारही बाजूंनी पट्टी मारून पूर्ण बंद करा. दोन-तीन इंचांची अर्धवट फट सगळ्यात वाईट. पावसाळ्यात विंचू तिथं बसतो, मण्यार तिथं शिरते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. त्यामुळे जमिनीवर अंथरूण घालणाऱ्या घरात पलंगाखाली आणि आलमारीखाली बोचकी कोंबायची नाहीत, एवढा नियम पाळाच. आलमारीच्या आत फिकट रंगाचा सनमायका लावा असं मी म्हणतो ते यासाठीच. पांढऱ्यावर विंचू लगेच दिसतो, वाळवीची मातीची रेघही दिसते.

वाळवीसोबत दुसरं दुखणं काळ्या मातीचं. आमची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, एवढी की भेगेत हात जातो. पाया नीट खोल नसेल तर घरही तिच्यासोबत हलतं. भिंतीला तिरपे तडे जातात, फरशी उचलते. अशा घरात आलमारी चारही बाजूंनी भिंतीला घट्ट ठोकली की पहिल्याच पावसाळ्यात दारं अडकायला लागतात. म्हणून आलमारीचा सांगाडा स्वतःच्या पायावर उभा करा, भिंतीपासून दोन इंच सोडून, आणि ती फट समोरून पट्टीनं झाका. पट्टी एका बाजूनंच ठोकायची. मागून हवा खेळते, ओल लाकडात उतरत नाही, आणि वाळवी भिंतीवरून थेट लाकडात जाऊ शकत नाही. आंदणात आलेल्या लोखंडी आलमारीलाही हेच लागू. तिला भिंतीपासून चार बोटं सोडा, पायाखाली लाकडी गुटके द्या.

जुनं मातीचं, कवेलूचं घर असेल तर तुमच्याकडे फुकटच्या आलमाऱ्या आहेत. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीतल्या देवळ्या, म्हणजे कोनाडे. लोक त्या विटा घालून बुजवतात आणि मग त्याच भिंतीसमोर प्लायची आलमारी उभी करतात, हे पाहून मला वाईट वाटतं. देवळीला सागवानी चौकट बसवा, छोटं दार लावा, आत एक आडवी फळी. आठ-नऊ इंच खोली मिळते. मातीच्या भिंतीत थंडावा राहतो, म्हणून लोणच्याच्या बरण्या, तूप, दवाखान्याच्या गोळ्या इथं चांगल्या टिकतात. त्याच भिंतीत जड लॉफ्टचे ब्रॅकेट मात्र ठोकू नका, माती वजन धरत नाही.

नवं घर किंवा घरकुल बांधत असाल तर सुताराआधी मिस्त्रीशी बोला. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट, स्वयंपाकाची जागा त्यातच. दोन खोल्यांत शेतकऱ्याचं वर्ष बसवायचं तर भिंतीचा वरचा भाग सोडून चालत नाही. दारावरचा लिंटेल सात फुटांवर ओततात, तेव्हाच स्वयंपाकघराच्या एका बाजूला आणि न्हाणीवर दोन फूट रुंदीचा सज्जा ओतून घ्या. सळई आणि सिमेंट थोडं जास्त लागेल, नंतर लाकडाचा लॉफ्ट करायला त्याच्या कितीतरी पट लागतील. दोन फुटांहून रुंद करू नका, मागचं सामान काढायला माणूस आडवा शिरावा लागतो. आणि स्लॅब दहा फुटांवर असेल तरच सज्ज्यावर कामापुरती उंची मिळते.

सज्ज्यावर काय ठेवायचं याचं मात्र भान ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45-46 वर जातो आणि स्लॅबच्या खालचा हात-दीड हात भट्टीच असते. तेल, तूप, औषधं, मेणबत्त्या, लग्नाचे अल्बम, प्लास्टिकचे पातळ डबे यातलं काहीही तिथं नको. पितळेची आणि स्टीलची मोठी भांडी, पंगतीच्या कढया, पाट, रिकामे पिंप, हे तिथलं सामान. स्वयंपाकघरातल्या खालच्या फळ्या कडप्प्याच्या करा. पाण्याला, वाळवीला, झुरळाला कडप्पा दाद देत नाही. बारा इंच खोली, त्याहून जास्त नको, डबे एकाच रांगेत राहिले पाहिजेत.

धान्याचं गणित मी लोकांना घनफुटात करून देतो, कारण आम्ही लाकूड त्याच मापानं मोजतो. एका क्विंटल गव्हाला साडेचार ते पाच घनफूट जागा लागते. म्हणजे दोन फूट बाय दोन फूट तळाची कोठी चार क्विंटलसाठी पाच फूट उंच हवी. एवढी उंच कोठी नको वाटत असेल तर दोन करा. तोंड वर आणि खाली सरकती झडप, म्हणजे जुना गहू आधी निघतो. माझा आजा बुरडाकडून बांबूचा ढोला आणून शेणमातीनं लिंपायचा, त्याला वरूनच तोंड. तळाचं धान्य वर्षभर हलत नव्हतं. गहू भरताना दाणा दाताखाली धरा. कट्ट वाजून फुटला तर वाळलाय, दबला तर अजून ऊन द्या. जाणकार बारा टक्क्यांच्या आत ओल हवी म्हणतात, ते हेच. उन्हातून उचललेला गरम गहू लगेच भरू नका. रात्रभर पसरून थंड करा, नाहीतर कोठीच्या आत घाम धरतो आणि वरचा थर बुरशीतो. पोत्यात ठेवणार असाल तर खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून फूटभर अंतर. तुरीच्या डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा, भुंगा लागत नाही. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाला मारतो.

विषाचाच विषय निघालाय तर फवारणीच्या औषधांचं बोलतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर तोंडाला फडकी, हातमोजे याबद्दल लोक बोलू लागले, पण बाटल्या अजूनही पलंगाखाली, नाहीतर स्वयंपाकघराच्या सज्ज्यावर दिसतात. औषध राहत्या घरात ठेवायचं नाही, कुलूप लावूनही नाही. गोठ्यात, पण जनावरांच्या चाऱ्यापासून आणि धान्यापासून लांब, पोराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर एक पेटी ठोका. उरलेल्या फळ्यांची चालते. कुठल्याही गिऱ्हाइकाचं काम केलं की अशी पेटी मी उरल्यासुरल्या लाकडातून करून देतो, तिचे पैसे लावत नाही, कुलूप तेवढं त्यानं आणायचं. तळाला जुना स्टीलचा ताट ठेवा, गळालं तर त्यातच राहील. औषध मूळ बाटलीतच राहू द्या, दारूच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ओतू नका. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहून पेटीत मांडा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही. रिकामे डबे पाणी प्यायला, तेल ठेवायला नेऊ नका, त्यांना भोकं पाडा.

बियाण्याची गोष्ट उलटी आहे, तिचे रिकामे पिशवे जपायचे. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला पावती, टॅग, पिशवी आणि मूठभर उरलेलं बियाणं मागतात. पीक हाती येईपर्यंत हे सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात घालून, वर वर्ष लिहून ठेवा. हा डबा कागदपत्रांच्या कप्प्यात. सातबारा, आठ-अ, पीकविम्याची पावती, पासबुकं, रेशनकार्ड, पोरांच्या टीसी, सगळं एकाच कप्प्यात, जाड प्लास्टिकच्या फोल्डरात. कप्पा खांद्याच्या उंचीवर हवा. खाली ठेवला तर पाणी आणि वाळवी, वर ठेवला तर ऊन.

कापसाबद्दल मला बोलायचं नसतं, कारण भाव मिळेपर्यंत घरात भरल्याशिवाय शेतकऱ्याला इलाज नाही. पण झोपायच्या खोलीत भरू नका. दोन-तीन महिने पडलेल्या कापसात किडे होतात आणि घरभर अंगाला खाज सुटते. चूल, देवाचा दिवा आणि विजेचा बोर्ड ज्या भिंतीला आहे ती खोली कापसाला देऊ नका. कापसाच्या खोलीत आलमारी करायचीच असेल तर दारं घट्ट बसणारी आणि मागं पूर्ण प्लाय, नाहीतर रुई सगळ्या कपड्यांत शिरते.

महालक्ष्म्यांचं सामान हे माझं आवडतं काम. वर्षातले तीन दिवस बाहेर, बाकी वर्ष आत, आणि आत असताना फुटता, चेपता कामा नये. मुखवट्यांसाठी लाकडी पेटी करा. आत प्रत्येक मुखवट्याचा वेगळा खण, खणाला जुन्या गादीचा कापूस आणि वर मलमलचं कापड, मुखवटा पाठीवर निजेल असा. नथ, मंगळसूत्र, पाटल्या त्याच पेटीच्या झाकणातल्या उथळ खणात. धडं आणि कोथळ्या वेगळ्या पोत्यात, कारण त्यांत धान्य भरलेलं असलं तर उंदीर येतात. सण झाला की धान्य काढून घ्या. पेटी सज्ज्यावर ठेवू नका, लाख आणि रंग उष्णतेनं सुटतात. बोटांच्या खुणेच्या वरची, पण खोलीतल्या सावलीच्या भिंतीची फळी बरोबर. तिच्या शेजारी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी. तो मोजताना शिंगांसकट मोजा, माझ्याकडे शिंग मोडलेले नंदी दुरुस्तीला येतात ते सगळे कमी उंचीच्या फळीचे. चाकं काढून ठेवली तर जागा अर्धी लागते. ठेवण्याआधी अळशीच्या तेलाचा हात द्या.

कपड्यांचं थोडक्यात. रेशमी साड्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नको. तिथं वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंड पुरे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या-गोधड्या टाका, रेशमी कपडे सावलीत.

लाकडाचा प्रश्न शेवटी येतो, लोक तो आधी विचारतात. सागवान म्हटलं की चंद्रपूर-गडचिरोलीकडचं बल्लारशा आणि आलापल्ली, यात वाद नाही. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी 2023 साली लाकूड इथूनच गेलं. पण त्याचा भाव साध्या घराला परवडत नाही, आणि जंगलातून चोरून आलेलं स्वस्त सागवान घेतलं तर आलमारी आणि तुम्ही दोघंही अडचणीत. डेपोचं किंवा आरागिरणीचं बिल घ्या. त्याहून चांगला रस्ता म्हणजे गावात पडत असलेलं जुनं घर. म्याली (आडव्या तुळया), खांब, जुनी चौकट लोक जळणाच्या भावात देतात. पन्नास-साठ वर्षं सुकलेलं लाकूड, ते आता हलत नाही. गिरणीत घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, एक खिळा राहिला की पातं जातं आणि गिरणीवाला तुमच्या नावानं शंख करतो. चौकटी आणि दारं या लाकडाची, आतल्या फळ्या प्लायच्या, हे मिश्रण मी सगळ्यांना सांगतो.

प्लायवर छापलेला आकडा वाचा. आयएस 303 असेल तर तो साधा कमर्शियल, झोपायच्या खोलीत चालतो. न्हाणीच्या भिंतीला टेकणारी किंवा सिंकखालची आलमारी असेल तर आयएस 710, म्हणजे मरीन. एमडीएफ स्वस्त पडतो, दिसतोही गुळगुळीत, पण एकदा पाणी प्याला की फुगून भुगा होतो. ज्या घरात पावसाळ्यात छत टिपकतं तिथं त्याचं नावही काढू नका. शीट आठ बाय चार फुटांची असते, म्हणून फळ्यांची मापं दोन, चार, आठ फुटांच्या हिशोबात ठेवली तर तुकडे वाया जात नाहीत. आलमारीची उंची सव्वाआठ फूट सांगून लोक तीन इंचांसाठी एक अख्खी शीट खर्ची घालतात.

काम झालं की पहिल्या पावसाळ्यात एखादं दार अडकेल. लाकूड ओल पिऊन फुगतं. मग घरचा कोणीतरी रंधा मारायला सांगतो. मारू नका. ऑगस्टमध्ये तासलेलं दार जानेवारीत सुकून बोटभर फट दाखवतं, आणि त्या फटीतून उंदराचं पिल्लू सहज जातं. बिजागरीचे स्क्रू आवळा, कडेला मेणबत्ती घासा, दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीनंतरही अडकलं तर सांगा, मी रंधा घेऊन येतो.